थांबलं की थांबलंच

विहिरीत सूर मारल्यावर हातपाय न हलवता आपण जे अंतर आपसूक कापतो, ते मला पोहण्यातलं सगळ्यात मोठं सुख वाटत आलं आहे. जीवाणूंच्या वाट्याला हे सुख येत नाही. आपल्या आतड्यातला ई. कोलाय जेमतेम २ मायक्रॉन लांब. सेकंदाला तो ३० मायक्रॉनपर्यंत पोहतो, पण शेपट्या फिरायच्या थांबल्या की अणूच्या व्यासाइतकाही पुढे सरकत नाही. इतक्या लहान देहाला पाण्याचा चिकटपणा चहूबाजूंनी धरून ठेवतो. आधीच्या क्षणाचा वेग पुढच्या क्षणी उपयोगी पडत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ मध्ये एका व्याख्यानात हे विलक्षण जग उलगडून दाखवलं. शिंपल्यासारखी नुसती उघडमीट करणारा इवला जीव पाण्यात जागच्या जागीच राहील, असं ते म्हणाले. एका हालचालीत जितका पुढे, दुसरीत तितकाच मागे. मग एक झटक्यात करा, दुसरी सावकाश. म्हणून जीवाणूची शेपटी मळसूत्री असते आणि एकाच दिशेने गरगरत राहते.

पण शरीरात नुसतं पाणी असतं कुठे? भेंडी चिरताना सुरीला लागून येणारी तार ताणून सोडली, की किंचित मागे ओढली जाते. आपल्या आतला श्लेष्माही तसाच: वाहतो, आणि ताणही धरतो. त्यात पर्सेलचा नियम सैल पडतो. जर्मनीत स्टुटगार्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मिलिमीटरहून लहान कृत्रिम शिंपला, ढवळण्याच्या वेगानुसार दाटपणा बदलणाऱ्या द्रवात, निव्वळ उघडमिटीवर चालवून दाखवला. पाण्यात एकेकट्या फिरणाऱ्या वळूच्या शुक्रपेशी अशा ताण धरणाऱ्या द्रवात थव्याने पोहताना दिसल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या थव्याचाच विचार करत होतो.

सगळ्यांत जास्त मला खिळवून ठेवतो तो जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराच्या अस्तरावरचा श्लेष्मा आम्लात घट्ट जेलीसारखा बसतो. या जीवाणूच्या मळसूत्री अंगाकडे पाहून वाटायचं, हा स्क्रूसारखा भोक पाडत जात असेल. प्रत्यक्षात आम्लधर्मी जेलीत ठेवल्यावर त्याच्या शेपट्या फिरत होत्या आणि देह तसूभरही हलत नव्हता. तिथे ताकद वाढवून भागत नाही. तो युरियाचं विघटन करून अमोनिया सोडतो, भोवतालचं आम्ल मंदावतं, जेली पातळ होते आणि मग तो पोहतो. वाट काढण्याआधी तो वाटेचा पदार्थच बदलतो! त्याच्यामुळे अल्सर होणाऱ्या माणसाच्या दुखण्याची पूर्ण जाणीव ठेवूनही मला या युक्तीचं कौतुक लपवता येत नाही.

याच युक्तीमुळे तो सापडतोही. श्वासचाचणीत रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया पाजतात. जीवाणू असेल तर तो ते रेणू फोडतो आणि काही मिनिटांत तोच कार्बन रुग्णाच्या उच्छ्वासात मोजता येतो.