कबरीवरची हराळी

शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तान साफ करायला आम्ही चार-पाच जण गेलो होतो. एका तरुणाने फवारणीचा पंप आणला होता. "सर, ग्लायफोसेट मारू. दोन-तीन आठवड्यांत सगळं साफ." अब्बांच्या कबरीवर हराळी दाट पसरली होती.

कोराडीजवळच्या आमच्या काळ्या रानात अब्बा आयुष्यभर या हराळीशी झुंजले. उन्हाळ्यात खोल नांगरट करायचे आणि आम्हा भावंडांना मागून काश्या वेचायला लावायचे. काशीचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला, तरी पावसात त्याला कोंब फुटतात. वेचलेल्या काश्या बांधावर फेकल्या की बोलणी बसत. त्या उन्हात कडक वाळवून जाळायच्या.

हिलाच मी उर्दूच्या तासाला 'दूब' म्हणतो, मराठीच्या तासाला 'दूर्वा'. गणपतीत शेजारच्या काकू आमच्याच अंगणातून जुडी नेतात.

पैगंबर साहेबांनी ओल्या फांदीचे दोन तुकडे करून दोन कबरींवर रोवल्याची हदीस आहे. ते वाळेपर्यंत तरी मृतांची यातना हलकी व्हावी, म्हणून. त्यामुळे आमच्याकडची जुनी माणसे कबरीवरचे हिरवे गवत उपटत नाहीत.

मी पंप थांबवला. वाटेवरची हराळी आम्ही कुदळीने काश्यांसकट खणून काढली. कबरीवरची राहू दिली. नावाच्या दगडावर चढलेली तेवढी विळ्याने कापली.

निघताना वाटेत एक काशी राहिलेली दिसली. उचलून खिशात टाकली. बांधावर फेकायची सवय अब्बांनी लागूच दिली नव्हती.