बाभळीला पाडवा नसतो

पडीक रान कधी मोडावं, या प्रश्नाला आमच्या निर्ण्यात मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन भाषांत उत्तर मिळतं आणि नवल म्हणजे तिन्ही भाषांत ते एकच असतं. पाडवा झाल्यावर! तोवर जोंधळा, हरभरा घरात आलेला असतो, सालगड्यांची सालं बदलतात, रानं मोकळी होतात.

वडील गेल्यावर आमचं चार एकर रान सात वर्षं पडून होतं. मी नोकरीच्या गावी, धाकटा भाऊ पुण्याला. खालच्या काळ्या पट्ट्यात हरळी आणि कुंदा माजलेला, वरच्या तांबड्या मुरमाड अंगाला वेडी बाभूळ. भाऊ म्हणे, विकून टाकू. गिऱ्हाईकही दारात होतं. आईचं म्हणणं एवढंच, की माझ्या डोळ्यांदेखत एकदा पेरा, मग काय करायचं ते करा. आईचं वय त्र्याऐंशी. भावानं एक खरीप कबूल केला. त्यात तूर साधली तर रान राहणार, नाहीतर कागदावर सही.

दिवाळीच्या सुट्टीत एक जेसीबीवाला भेटला. दोन दिवसांत रान आरशासारखं करतो म्हणाला. शेजारचे अप्पा धुऱ्यावर उभे होते. "ईग ब्याडरी, मास्तर." आत्ता नको. परतीच्या पावसाची ओल अजून जमिनीत होती. ओल्या काळ्या रानात जड यंत्र फिरलं की माती दबून दगड होते, हे एक. दुसरं असं, की हरळीच्या काशीला पेरापेराला फुटवा असतो. ओलीत तिचे तुकडे करणं म्हणजे रानभर बेणं लावणं. पेटवून द्यावं, असं सुचवणारेही भेटले. पण जाळ वरचं गवत खातो. खालची काशी मातीत सुखरूप राहते.

मग पाडव्यापर्यंत थांबायचं? तर तेही नाही. "बाभळीला पाडवा नसतो," अप्पा म्हणाले. ही वेडी बाभूळ अमेरिकेकडची. १८७७ च्या सुमारास तिचं बी कडप्प्याच्या बाजूला आलं आणि आता आपल्या ओढ्यानाल्यांची मालकीण झाली आहे. नुसती तोडली तर बुडख्यातून दहा फोक येतात, म्हणून जमिनीखाली हातभर खणून गड्डाच काढावा लागतो. वैशाखात मुरूम असा आवळतो की टिकाव उडतो. माघात थोडी ओल असते. शिवाय शेंगा पिकून पडल्या की शेळ्या त्या खातात आणि लेंड्यांतून बी गावभर पेरतात. आम्ही माघात कोळसेवाल्यांना बोलावलं. लाकूड त्यांचं, गड्डे काढायचं कामही त्यांचं.

काळ्या रानाला मात्र चैत्रच. पलटी नांगरानं फूटभर खोल नांगरून ढेकळं तशीच उन्हात टाकली. कलबुर्गीकडचा मे महिना बेचाळीस अंशांवर जातो. आम्ही एरवी त्याला शिव्या देतो, पण हरळीला मारणारं त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही. पंधरा दिवसांनी वखर घातला, बायकांनी काशा वेचून धुऱ्यावर ढीग लावले, पुन्हा वखर, पुन्हा वेचणी. कुंद्याची मुळं नांगराच्याही खाली जातात. तो माणसांनी कुदळीनं खणला आणि खरा पैसा तिथंच गेला. आमच्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिल-मे सुट्टी असते, म्हणून मला धुऱ्यावर उभं राहता आलं. आईनं मात्र हरळीची एक मूठ कुंडीत लावायला लावली. गणपतीला दूर्वा कुठून आणणार म्हणे!

माझे मामा निलंग्याचे. १९५६ पर्यंत त्यांचं निलंगा आणि आमचं निर्णा एकाच बिदर जिल्ह्यात होतं. आता त्यांचा सातबारा, आमची पहाणी. त्यांना हे सगळं सांगितलं, तर त्यांच्या सालगड्यानं अप्पांचंच बोलणं मराठीत ऐकवलं. रोहिणीचा पाऊस पडला तर गल्लीभर जोंधळा होतो, असं कानडीत म्हणतात. आमच्या रानात रोहिणी कोरडीच गेली आणि ते बरंच झालं. राहिलेल्या काशा वाळल्या. मृगाच्या दुसऱ्या पावसावर तूर पेरली. आईला जीपमधून नेलं होतं. ती उतरली नाही, आतूनच ओटीभर बी तिफणीवाल्याच्या हाती दिलं.

येळवशीला मात्र ती तुरीत बसून भज्जी-आंबील जेवली. पौषात रास झाली. भावानं फोनवर उतारा विचारला, भाव विचारला, मग पुढच्या वर्षीचं बी कुठलं घेणार तेही विचारलं. सहीचं काही बोलला नाही. मीही काढलं नाही.

यंदाची तूर कमरेला लागली आहे. वरच्या कोपऱ्यात पाच-सहा बुडख्यांना पुन्हा फोक आलेत. कोळसेवाल्यांना माघाचा निरोप धाडला आहे.