आडोशाची झाडं

कुंपणच शेत खातं, ही म्हण विश्वासघातासाठी वापरतात. पण ज्यांच्या शेताला निरगुडीची, शेराची जिवंत वई असते त्यांच्यासाठी ती अक्षरशः खरी आहे. वईची मुळं आत शिरतात, खतपाणी ओढतात, कडेची रोपं सावलीत खुरटतात. तरी वई कोणी उपटत नाही, कारण मोकळ्या शेतात गुरं शिरली तर आतलंही काही उरत नाही. कुंपण थोडं खाणारच. किती खाऊ द्यायचं, एवढंच ठरवायचं असतं. आगोटीची कामं सुरू झाली की हे ठरवणं मला दरवर्षी जड जातं.

श्रीवर्धनच्या आमच्या घराच्या पश्चिमेला रायवळ आंबा आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्या दिवशी आंब्याची एक थोर फांदी पडवीवर आली आणि कौलं, रीपा, वासे घेऊन खाली बसली. माजघरावरचं आढं मात्र जागचं हललं नाही. दादा म्हणतो, झाडाने पडवी मोडली. काकू म्हणते, झाडाने घर राखलं. मागच्या आळीत, आसपास झाड नसलेल्या एका घराचे सगळे पत्रे उडाले. तशाच उघड्यावरच्या दुसऱ्या घराचं कौलही सरकलं नाही. आंबा नसता तर आमचं काय झालं असतं, हे कोणत्या घराकडे बघून ठरवायचं?

झाडांची ओळ तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावते, असं शेतीशास्त्र सांगतं. भरीव भिंतीपेक्षा पानांचा विरळ पडदा चांगला, कारण भिंतीवरून उडी मारून वारा पलीकडे भोवरे करतो. पानांतून गाळून येतो तेव्हा थकलेला असतो. किनाऱ्यावर सुरू लावले ते याचसाठी. दिवेआगरला वाळूवर केवड्याची बनं होती, तीही हेच काम करत आली. निसर्गच्या वाऱ्यात सुरूही आडवे झाले.

पण माझं मन आंब्यापेक्षा पोफळींतच जास्त अडकतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ गर्दीत वाढते. माड, जायफळ, मिरवेल, सगळे एकमेकांच्या आडोशाला. आतली पोफळ उजेडासाठी सरळ वर जाते, मनगटासारखी बारीक राहते. वाऱ्याशी तिची कधी गाठच पडलेली नसते. वादळात कडेची झाडं पडली तशी आतली उघडी पडली आणि मधोमध मोडत गेली. मुळासकट उपटलेली निराळी, पण ही मोडलेली बघवत नव्हती. पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात, भरात यायला त्याहून जास्त. सरकारने भरपाई हेक्टरी 50 हजार जाहीर केली. इथल्या वाड्या गुंठ्यांनी मोजायच्या, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. ज्या माणसाने आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी गमावली, त्याच्यासमोर हा हिशेब मांडायला मला अजूनही लाज वाटते.

अ‍ॅरिझोनात बायोस्फिअर 2 नावाचं काचेचं बंदिस्त जग उभारलं होतं. 1991 मध्ये माणसं आत राहायला गेली. आत माती, पाणी, ऊन सगळं होतं, वारा नव्हता. तिथली झाडं कमकुवत वाढली. रोज हलणारं खोड जाड होतं, मुळं घट्ट धरतं. न हलणाऱ्याला ते करायची गरजच पडत नाही. हे वाचल्यापासून ती म्हण मला वेगळीच भिववते. कुंपण शेताचं खतपाणी खातं, तेवढं ठीक. ते शेताचं बळ खात असेल तर? आईवडील, घर, गाव यांनी आपल्याला किती वारा लागू दिला, हाही विचार येतो, आणि तो मी पुढे नेत नाही, कारण काकू अजून त्याच घरात एकटी राहते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पोफळीचं कोवळं रोप उन्हात टिकत नाही, ते करपतं. म्हणून शेजारी केळी लावायची आणि तिच्या सावलीत ते वाढवायचं. आम्हीही तसंच केलं आहे. ती केळ कधी काढायची? कोणी सांगतं तिसऱ्या वर्षी, कोणी म्हणतं झाडच सांगतं. मला अजून कोणत्याही झाडाने सांगितलेलं नाही.

दादाचा फोन आला. आंबा मुळापासून नको तर नको, घरावरच्या फांद्या तरी उतरवू या, म्हणाला. मला ते पटलं होतं. मग काकूने विचारलं, घराकडची बाजू हलकी केली तर झाडाचा तोल वाडीकडे जाईल ना? वादळाचं केंद्र पुढे गेलं की वारा उलटा फिरतो, हे तिने त्या दिवशी ओटीवरून पाहिलं आहे. तसा फिरला तर घर वाचेल आणि आंबा नव्या पोफळींवर पडेल. दोन्हीकडच्या फांद्या विरळ कराव्यात तर पश्चिमेचा आडोसा तेवढाच पातळ होणार. करवतवाल्याला आम्ही अजून वार दिलेला नाही.