दहा हजार खांब



थंडीत आपल्या घरांत एक गंमत होते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेसहापर्यंत जेवणं उरकावी लागतात. भांडी आवरून, ओटा पुसून घड्याळाकडे बघावं तर जेमतेम साडेसहा! झोपायला दहा. मधल्या साडेतीन तासांत करायचं काय? मालिका मला झेपत नाहीत आणि फोन बघितला की डोळे चुरचुरतात. म्हणून मागच्या मार्गशीर्षात मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत माझ्या लग्नाआधीच्या क्रोशाच्या सुया होत्या. रुखवतातलं तोरण, टेबलक्लॉथ, पाणी पिण्याच्या भांड्यावरचे मणी लावलेले रुमाल, सगळं त्याच सुयांवर झालेलं. नंतर संसारात सुई हातात धरायला सवड कुठली?

या वेळी शाल करायची ठरवली. कुणासाठी, तेही लगेच ठरलं. माझ्या अक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. मी सांगलीत, ती जयसिंगपूरला. एकटीच राहते, पाठशाळेत मुलांना शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या प्रतिमेची व्रतं घेतली. तेव्हापासून अंगावर पांढरी सुती साडी, आणि थंडी असो की पाऊस, पहाटे बस्तीत जाणं चुकत नाही. त्या गारठ्यात तिच्या खांद्यावर माझ्या हातची शाल असावी असं फार मनात आलं.

पहिला प्रश्न धाग्याचा. खरी लोकर नको होती. आमच्या सासूबाई लोकरीचं वस्त्र अंगावर घेऊन कधी बस्तीत गेल्या नाहीत, अक्काही जात नाही. तसं बघितलं तर बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतं. ते हलकं आणि उबदार खरं, पण अक्काच्या कातडीला सोसत नाही. म्हणून मोतिया रंगाचा सुती धागा घेतला. शंभर ग्रॅमची एक, अशा पाच गुंड्या. सुताची शाल लोकरीपेक्षा जड होते, म्हणून विणही मोकळीच हवी. सुई चार मिलिमीटरची घेतली.

वीण अगदी सोपी निवडली. एकाच घरात खांब, साखळी, खांब. मग दोन घरं सोडून पुन्हा तेच. परतीच्या ओळीत प्रत्येक जोडीच्या मधल्या साखळीत सुई घालायची आणि तशीच जोडी करायची. उघडलेल्या पुस्तकांची रांग मांडावी तशी नक्षी दिसते. तीस जोड्यांसाठी तीस त्रिक नव्वद साखळ्या, आणि दोन्ही कडांचे सरळ खांब नीट बसावेत म्हणून वरच्या पाच. एकूण 95. एवढ्यात साधारण दोन वीत रुंदी येते.

मी पडले बी.कॉम. हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका ओळीत तीस जोड्या म्हणजे साठ खांब, कडेचे दोन, झाले 62. सहा फूट लांबीला सुमारे 160 ओळी. गुणाकार केला आणि डोळेच पांढरे झाले. जवळजवळ दहा हजार खांब! माझ्या हाताला एका ओळीला बारा मिनिटं लागतात. म्हणजे बत्तीस तास. रोज एक तास धरला तर महिन्याभरात शाल तयार.

खरं सांगते, पहिले आठ दिवस फार सुखाचे गेले. क्रोशाची एक गोष्ट मला आवडते. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर टांगलेले असतात, एक निसटला की खाली धावतच जातो. इथे सुईवर एकच फास. दूध उतू जायला लागलं, दारावरची बेल वाजली, तर फास थोडा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचं. चुकलं तर धागा ओढायचा, उसवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. आपल्या बायकांच्या आयुष्याला इतकं सोयीचं काम दुसरं नाही. दिव्याखाली बसलं की पाच-सहा ओळींत खांदे सैल पडतात. दिवसभराची बोचणारी वाक्यं कुठल्या कुठे जातात.

मी टाक्यांबरोबर णमोकारही म्हणायला लागले होते. फोनवर अक्काला मोठ्या कौतुकाने ते सांगितलं (शालीचं मात्र गुपित ठेवलं होतं). ती हसली. म्हणाली, “टाके मोज नाहीतर मंत्र म्हण. दोन्ही एकदम केलेस तर दोन्ही अर्धेच होतात.” त्याच संध्याकाळी माझ्या एका ओळीत तीसऐवजी एकोणतीस जोड्या निघाल्या!

पौषात एका रविवारी जयसिंगपूरला गेले. शाल निम्म्याच्या वर झाली होती. गुपित काही पोटात राहिना. पिशवीतून काढून मी ती अक्काच्या मांडीवर ठेवली. तिने विणीवरून हात फिरवला, कड निरखून बघितली आणि विचारलं, “कुणासाठी गं?”

“तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी?”

ती काही बोलली नाही. उठून देवघराशेजारच्या फडताळातून तिची वही आणली. व्रतं घेताना तिने परिग्रहाची मर्यादा लिहून ठेवली होती. सुती साड्या आठ. चादरी दोन. ताटं दोन. शाल एक.

ती एक शाल म्हणजे आमच्या आईची. तपकिरी, कडेला विरलेली. आई गेल्यावर अक्काने फक्त तेवढीच मागून घेतली होती. बस्तीत नेत नाही, पण घरात संध्याकाळी पायांवर घेऊन बसते.

“तुझी घ्यायची तर आईची कुणाला तरी द्यायला हवी,” अक्का शांतपणे म्हणाली. “देऊ का?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग घाईघाईने म्हटलं, “तसं असेल तर आईची मला दे. घरातच राहील.”

“तुझ्या कपाटात किती शाली आहेत?”

“असतील चार-पाच.”

“घरी जाऊन मोज. मग बोलू.”

मोजल्या. तेरा निघाल्या! आमच्या ह्यांची शाळेतली नोकरी, त्यामुळे शाल-श्रीफळाचे सत्कार पुष्कळ झाले. बाकीच्या लग्नाकार्यात आलेल्या. काहींची प्लास्टिकची पिशवीसुद्धा उघडलेली नव्हती. आता कुठल्या तोंडाने मी चौदावी मागू?

मला राग आला. अक्काचा आला, तिच्या वहीचाही आला. एवढी ऐंशी-नव्वद ओळी डोळे फोडून विणले ते काय उगीच? आठ दिवस मी सुईला हात लावला नाही. संध्याकाळी नुसती बसून राहायचे.

पण रिकामं बसलं की मन स्वतःचाच हिशेब काढतं. परिग्रहपरिमाणाला रत्नकरंड श्रावकाचारात ‘इच्छापरिमाण’ असं दुसरं नाव दिलं आहे. हे मी पाठशाळेपासून ऐकत आलेय, पण अर्थ त्या आठवड्यात लागला. अक्काने तिच्या इच्छेला माप घातलं होतं. माझी इच्छा काय होती? अक्काला ऊब मिळावी एवढीच? तसं असतं तर सुरू करण्याआधी मी तिला विचारलं असतं. मला खरं तर हवं होतं की ती माझी शाल घेऊन बस्तीत जावी, चार बायकांनी विचारावं, “ही कुणी केली हो?” आणि तिने माझं नाव सांगावं. त्या इच्छेला कुठल्या वहीत माप नव्हतं. आणि तिच्यासाठी मी अक्काला आईची शाल सोडायला लावणार होते, तेही नकळत. भेटवस्तूची किंमत देणाऱ्यानेच मोजलेली असते असं आपण धरून चालतो. घेणाऱ्यालाही काही मोजावं लागतं, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

नवव्या दिवशी पुन्हा सुई घेतली. आता शाल कुणाची, ते माहीत नव्हतं. गंमत अशी, की त्या उरलेल्या ओळींसारखं निवांत विणकाम मी जन्मात केलं नाही. कुणाला दाखवायचं नव्हतं, तारीख गाठायची नव्हती. एक खांब, एक साखळी, एक खांब. बस्स!

माघात शाल पुरी झाली. चारी बाजूंनी मुक्या खांबांची कड घातली, धाग्यांची टोकं सुईने आत ओवून घेतली. ती घेऊन अक्काकडे गेले आणि म्हटलं, “ही तुला नाही. कुणाला देऊ, ते विचारायला आलेय.”

तेवढ्यात दूध घालणाऱ्या मावशी आल्या. अक्काने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी शाल त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलगडली, उजेडात धरली, आणि म्हणाल्या, “लई झ्याक झालीया. पर पांढरी हाय ओ, शेणामुतात दोन दिसांत मळंल की!”

अक्का आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. महिनाभराच्या मेहनतीचं हे कौतुक! मावशींनी मग स्वतःच तोड काढली. “लेक बाळंत झालीया. नातवाला गुंडाळाय घेऊ काय?” सुती आहे, मऊ आहे, बाळाला टोचणार नाही. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, पण धागा जणू त्यासाठीच घेतला होता.

घरी आल्यावर मी तेरा शालींपैकी नऊ दिल्या. कॉलनीतले रखवालदार, भाजीवाल्या आजी, आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोघीजणी. द्यायच्या आधी प्रत्येकाला विचारलं, हवी का, कुठला रंग आवडेल. मग एक वही केली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: शाली चार. पुढच्या खेपेला अक्काला दाखवली तर तिने पेन घेतलं आणि ऑडिटरसारखी बरोबरची खूण केली. आईची शाल तिच्या पायांवर होती.

आता यंदा कुणाला करायची असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सुती शाल धुतली की दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लांबते. टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा. आणि ज्यांच्यासाठी विणायची त्यांना पहिल्या साखळीच्या आधी विचारा.

मी या थंडीत बाळांच्या टोपड्या करतेय. मावशींना विचारूनच. रंग त्यांनीच सांगितला, मातीचा!

जय जिनेंद्र.