बारीचा व्हिडिओ आणि पुसलेली मूळ फाइल

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि शिरूर तालुक्यातले शर्यतीचे घाट पुन्हा गजबजले. लग्नाचं शूटिंग करणारा मी यात्रेतल्या बाऱ्याही, म्हणजे एकेका गाड्याची धाव, टिपू लागलो. गाडामालकाला व्हिडिओ त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हवा असतो. तो लहान करण्याच्या घाईत मी लोकांची न परतणारी चित्रं खराब केली.

बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. मी मात्र जुपणीपासून गुलालापर्यंतची तीन मिनिटं सलग पाठवायचो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओला 16 एमबीची मर्यादा होती, म्हणजे 128 मेगाबिट. तीन मिनिटांवर वाटले तर सेकंदाला पाऊण मेगाबिटसुद्धा येत नाही. माझा फोन फुल एचडीत सेकंदाला साधारण 17 मेगाबिट टिपतो. मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा साठवायचं नाही, मुख्यतः याच तत्त्वावर व्हिडिओ लहान होतो. घाटात न बदलणारं काय असतं? सगळंच हलतं: धूळ, उधळलेला भंडारा, उसळणारी गर्दी, पुढे घोडी, मागे बैल, आणि त्यांच्यासोबत फिरणारा कॅमेरा! मी 1080 रिझोल्यूशन तसंच ठेवून नुसता बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, कापला. बैलांच्या जागी चौकोन पळू लागले. 480 वर आणलं असतं तर चित्र थोडं मऊ झालं असतं, पण बैल ओळखू आले असते.

जागा वाचवायला आवाजही काढून टाकला. सेकंदाला 64 किलोबिटचा आवाज तीन मिनिटांत जेमतेम दीड एमबी घेतो. तेवढ्यासाठी निवेदकाने पुकारलेली वेळ आणि मालकाचं नाव गेलं.

याहून वाईट घडलं ते दौंड तालुक्यात, चौफुल्याकडच्या एका घराबाबत. फोन भरला म्हणून मी मूळ फाइल पुसली. व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत आहेच, असं वाटलं. पुढे त्यांचा बैल गेला. भिंतीवर लावायला त्यांना त्या बारीतलं चित्र हवं होतं. मी ती प्रत मोठी केली, धार वाढवली. बैलाचे डोळे काही दिसेनात. एकदा टाकलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फार तर अंदाजाने भरतं. मी त्यांना नेटवर्कचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. खरं सांगायला मी उशीर केला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी आधी बारीच तेवढी कापून घेतो. वीस सेकंदांना 16 एमबीत सेकंदाला सहा मेगाबिट मिळतात. 720 वर बैलाच्या शिंगांचा रंगही कळतो. व्हिडिओ नेहमी मूळ फाइलवरून, एकदाच लहान करतो. आलेली प्रत पुन्हा दाबत नाही. मूळ फाइल हवी असेल त्याला डॉक्युमेंट म्हणून धाडतो. 2022 पासून अशी 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, आणि ती वाटेत दाबली जात नाही.

गाडामालकांनो, व्हॉट्सअ‍ॅपवरची बारी बघण्यापुरती ठेवा. मूळ फाइल शूटिंगवाल्याकडून त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर मागून घ्या.