गव्हाणीचं माप

आमच्या निपाणी-चिकोडी भागात पहिली भाकरी गाईची. ती देऊन आपण समाधानानं जेवायला बसतो. पण त्या भाकरीनं गाईचं पोट कितीसं भरणार?

४०० किलो वजनाच्या गाईला रोज साधारण २०-२५ किलो हिरवी वैरण आणि ५-६ किलो कडबा लागतो. हिरव्या चाऱ्यात बरंचसं पाणीच असतं, म्हणून कोरडी वैरण चुकवून चालत नाही. दूध देत असेल तर अडीच-तीन लिटरमागे किलोभर पेंड-भुसा वेगळा. वर ५० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आमच्या सासूबाईंना किलो-लिटर ठाऊक नव्हते. त्या बुट्टीनं मोजायच्या. पण बुट्टी कधी कमी भरली नाही. ऊस तुटायच्या दिवसांत नुसतं वाढं टाकून भागवणाऱ्यांना त्या म्हणायच्या, "पोट भरलं म्हणजे अंगाला लागलं असं न्हाई, बाई." खरंच आहे ते. वाढ्यानं शरीरातला चुना कमी होतो, म्हणून जोडीला कडबा आणि खनिज मिश्रण हवंच.

आता दुसरी बाजू बघा. सणावाराला, लग्नकार्यात उरलेला भात, पोळ्या, गोडधोड आपण पाटीभर गाईपुढे ओततो. रवंथ करणाऱ्या जनावराला ते सोसत नाही. पोटात आंबतं, पोट फुगतं, प्रसंगी जीवही जातो. ही दया कसली?

आणि दूध आटलं की बुट्टीही आटते! आटवलेली गाय बहुधा गाभण असते. शेवटच्या दोन महिन्यांत पोटातल्या वासरासाठी तिला उलट थोडं जास्तच घालायला हवं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत. त्यांतला एक अन्नपाननिरोध. त्याचा अर्थ नुसतं उपाशी बांधून ठेवणं एवढाच आपण घेतो. मला वाटतं, अर्धपोटी ठेवणंही त्यातच आलं. म्हणजे जनावराला किती लागतं हे माहीत असणं, हा शेतकऱ्याचा हिशेब तर आहेच, पण व्रताचाही भाग आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिली भाकरी जरूर द्या. पण नातवाच्या वाढदिवसाला पांजरपोळात पावती फाडताना एवढंच विचारा : या पैशात किती गाईंची किती दिवसांची वैरण होते?