कारखान्याच्या कुंपणाआतले विज्ञान

दर डिसेंबरात वर्षभरातल्या मोठ्या वैज्ञानिक शोधांच्या याद्या छापून येतात. त्या वाचताना आपल्या मनात एक नकाशा आधीच काढलेला असतो. शोध लागणार ते केंब्रिजला, बोस्टनला, झुरिचला, फार तर बंगळुरूला. आणि पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्याच्या वाट्याला येणार ते बाहेरून आलेल्या ज्ञानाचे सुटे भाग पाडण्याचे काम. या नकाशाला आपण इतके सरावलो आहोत की त्याच्याविरुद्धचा पुरावा घरासमोर असूनही दिसत नाही. 2011 साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकाने वर्षातला सर्वांत मोठा शोध म्हणून ज्या निष्कर्षाची निवड केली, त्याच्या पुराव्यातला एक वाटा भोसरी एमआयडीसीतल्या एका संस्थेने गोळा केला होता. त्याच्या पन्नास वर्षे आधी, 1961 मध्ये, पिंपरीतल्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेने एक नवे प्रतिजैविक जगापुढे ठेवले होते. ही दोन्ही कामे अपवाद म्हणून बाजूला सारता येतील, पण मला त्यांत एक नियम दिसतो. ती झाली याचे कारण संशोधन रोजच्या कामाला लागून होते, पिंपरीत उत्पादनाला आणि भोसरीत रुग्णसेवेला. जिथे ही लगत तुटली तिथे आधी संशोधन सुकले आणि मग कामही गेले.

पिंपरीचे उदाहरण आधी घेऊ, कारण त्यात चढ आणि उतार दोन्ही पाहायला मिळतात. पेनिसिलिनचा शोध 1928 चा, अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा. पण त्या बुरशीपासून माणसाला देण्याजोगे औषध तयार व्हायला बारा-तेरा वर्षे गेली. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पुढे अमेरिकेत पिओरियाच्या शेतकी प्रयोगशाळेत 1943 मध्ये एका बुरसटलेल्या खरबुजावर भरपूर पेनिसिलिन देणारा वाण सापडला, आणि मोठमोठ्या टाक्यांत ती बुरशी वाढवण्याचे तंत्र बसले. स्वतंत्र भारताने हेच तंत्र जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला आणले. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड, म्हणजे इथल्या लोकांची एचए कंपनी, स्थापन झाली आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. यंत्रे परदेशातून आली, पण बुरशी हा काही एकदा बसवून विसरून जाण्याचा ऐवज नव्हे. ती जिवंत असते, पिढ्यांगणिक बदलते, नीट राखली नाही तर तिचे उत्पन्न घसरते. टाकीत परका जंतू शिरला तर सबंध बॅच हातची जाते. म्हणून अशा कारखान्याला वाण राखणारी, त्यात फेरफार करून अधिक देणारा वाण निवडणारी, रोज सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी माणसे ठेवावीच लागतात. उत्पादनाची ती गरजच असते.

एकदा अशी माणसे, निर्जंतुक खोल्या आणि लहानमोठ्या टाक्या एका कुंपणात आल्या की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: परक्या देशातून आलेली बुरशी आपण वाढवतो, तर आपल्या मातीत काय आहे? बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न धसास लावला. मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून त्यांनी बुरशीनाशक प्रतिजैविक वेगळे काढले, ते हमायसिन. त्या जिवाणूच्या प्रजातीला त्यांनी ‘पिंप्रिना’ असे गावाचे नाव दिले. 1964 मध्ये याच प्रयोगशाळेतून ऑरिओफंगिन आले, ते पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी. हे काम छापायला कंपनीचे स्वतःचे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ होते. कारखाना स्थापन झाल्यापासून सातव्या वर्षी नवे औषध, ही गती आजही थक्क करणारी आहे.

यावर कोणी म्हणेल की हमायसिनने जग कुठे बदलले? शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीसंसर्गावर डॉक्टर आजही अँफोटेरिसिन-बी देतात, हमायसिन देत नाहीत. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. हमायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे त्याचा वापर मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता राहिला. पण संशोधनाची किंमत त्यातल्या एका रेणूच्या नशिबावर ठरवली तर जगातल्या बहुतेक उत्तम प्रयोगशाळा नापास होतील. मातीतून उचललेल्या हजारो जिवाणूंमधून एखादाच कामाचा निघतो, आणि औषध होण्यापर्यंत त्यातलेही फार थोडे पोचतात. पाहायचे ते हे की तो एक ओळखण्याची, शुद्ध करण्याची आणि टाकीत वाढवून दाखवण्याची कुवत कुठे आहे. ती पिंपरीत होती.

मग ती गेली कशी? नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि बाहेरचे, विशेषतः चीनचे, पेनिसिलिन-जी, म्हणजे टाक्यांतून निघणारे मूळ पेनिसिलिन, देशी मालापेक्षा स्वस्त पडू लागले. 1997 मध्ये एचए कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेली. मूळ पेनिसिलिन बनवणे थांबले आणि कंपनी बाहेरून आलेल्या कच्च्या औषधाची इंजेक्शने आणि गोळ्या करण्यापुरती उरली. अर्थशास्त्राच्या बाजूने यावर एक जोरदार युक्तिवाद आहे: जे बाहेर स्वस्त मिळते ते घरी महाग करून बनवणे म्हणजे रुग्णावरच बोजा. त्या वेळी हा युक्तिवाद चुकीचा ठरवणे अवघड होते. पण त्याने हिशेबात एकच बाजू धरली, किलोमागचा भाव. टाकी थांबते तेव्हा वाण राखणारा माणूसही थांबतो आणि त्याच्या शेजारी बसून नवा जिवाणू शोधणाऱ्याला विचारायला प्रश्न उरत नाही. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात चढला नाही. तो दिसला 2020 मध्ये, साथीच्या काळात, जेव्हा केंद्र सरकारला महत्त्वाच्या कच्च्या औषधांसाठी 6,940 कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली. त्या यादीत पेनिसिलिन-जी होते. 2024 मध्ये आंध्रात काकिनाड्याजवळ एका खासगी कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. 1955 मध्ये जे येत होते ते सुमारे सत्तर वर्षांनी पुन्हा शिकावे लागले. स्वस्ताईची ही किंमतही मोजायला हवी.

भोसरीची गोष्ट वेगळी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 मध्ये सुरू झाली. गेटबाहेर लेथ आणि प्रेस चालतात आणि आत विषाणूंवर काम चालते, हे चित्रच आपल्या नकाशात बसत नाही. या संस्थेचे रमण गंगाखेडकर आणि सहकारी यांनी 1997 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रिया त्यांनी तपासल्या होत्या. त्यांतल्या 13.6 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण होती, आणि बहुतेकींचा संबंध केवळ नवऱ्याशी आलेला होता. एचआयव्ही म्हणजे ‘तसल्या’ वस्तीचा रोग, या सोयीच्या समजुतीला या आकड्याने जागा ठेवली नाही. घरातल्या बाईला धोका लग्नातूनच येत होता.

म्हणूनच पुढचा मोठा प्रश्न जोडप्यांचा होता. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा जोडप्यात बाधिताला औषध लवकर सुरू केले तर दुसरा वाचतो का? नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवर ही चाचणी झाली आणि पुण्याचे केंद्र भोसरीच्या संस्थेकडे होते. 2011 मधल्या अंतरिम निष्कर्षात, जोडीदाराकडूनच आल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेल्या 28 लागणींपैकी 27 उशिरा औषध मिळालेल्या गटातल्या होत्या आणि लवकर औषध मिळालेल्या गटात फक्त एक. लागण 96 टक्क्यांनी घटली होती. रुग्णाचा उपचार हाच इतरांचा बचाव, हे त्यातून पुराव्यानिशी ठरले. 2017 मध्ये भारताने, निदान होताच औषध, हे धोरण स्वीकारले त्यामागे हा पुरावा आहे.

इथे आक्षेप येतो की चाचणी अमेरिकी पैशाची, आराखडा अमेरिकी, भोसरीने फक्त माणसे पुरवली. पैसा आणि आराखडा तिकडचा होता हे मान्य. पण ‘फक्त’ हा शब्द मला मान्य नाही. या चाचणीचा सगळा भार एका गोष्टीवर होता: जोडपी वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिली पाहिजेत, गोळ्या चुकता कामा नयेत, आणि घरात, शेजारात बोभाटा होण्याच्या भीतीपोटी कोणी मधेच नाहीसे होता कामा नये. हे सांभाळायला लागणारा विश्वास समुपदेशक आणि डॉक्टर यांनी दवाखान्यात, मराठीतून बोलत, माणसागणिक कमवावा लागतो. तो नसता तर आराखडा कितीही निर्दोष असूनही 96 हा आकडा उभाच राहिला नसता. पुरावा असा गोळा होतो, आणि तो गोळा करणाऱ्याला पुढचा प्रश्न सर्वांत आधी दिसतो.

वाहन उद्योगातही हेच आढळते. टेल्को या वाहन कंपनीचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र 1966 पासून पुण्यातल्या कारखान्याशी जोडलेले होते, म्हणून 1998 मध्ये तिची इंडिका ही मोटार येऊ शकली. चाकणला आज जगातल्या नामांकित कंपन्यांचे कारखाने आहेत, पण बराचसा माल बाहेरून आलेल्या ड्रॉइंगबरहुकूम बनतो. जिथे ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार नाही तिथे ते का बदलावे हा प्रश्नही फार काळ जिवंत राहत नाही.

आता सर्वांत नवा आक्षेप. 2020 मध्ये बोस्टनजवळच्या एमआयटीच्या संशोधकांनी संगणकाला रेणू ओळखायला शिकवून हॅलिसिन हे जिवाणूनाशक शोधले. मग माती चाळणारी, टाक्या सांभाळणारी प्रयोगशाळा कालबाह्य नाही का? मला तसे वाटत नाही. त्या संगणकाला शिकवायला आधी दोन हजारांवर रेणू खऱ्या जिवाणूंवर तपासावे लागले, आणि त्याने सुचवलेला रेणू खरा की खोटा हेही शेवटी जिवाणूंवरच ठरले. शिवाय मार्च 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले लॅरिओसिडिन हे प्रतिजैविक कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एका घराच्या परसातल्या मातीतून निघाले. तिथल्या संशोधकांनी मातीतले जिवाणू जवळपास वर्षभर सावकाश वाढू दिले होते. पिंपरीची 1961 ची वाट बंद झालेली नाही, आपण तिच्यावरून चालायचे थांबलो आहोत. आपल्याच राज्यात वोक्हार्टने दीड दशकाच्या कामातून आणलेले नॅफिथ्रोमायसिन 2024 मध्ये जाहीर झाले. फुप्फुसाच्या संसर्गावर ते दिवसातून एकदा, तीनच दिवस घ्यायचे असते. ही कंपनी स्वतः औषधे बनवते आणि तिचे संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

हा विषय तातडीचा आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2050 पर्यंत जगात 3 कोटी 90 लाख मृत्यू होतील, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2024 मध्ये छापला गेला. पुण्यातून वाहणाऱ्या मुठेच्या गाळाचा 2017 मधला अभ्यास सांगतो की शहरात शिरण्याआधीच्या पात्रापेक्षा शहरातल्या पात्रात औषधरोधक जनुके तीसपटीपर्यंत अधिक आहेत, आणि त्यांत शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या औषधांना दाद न देणारी जनुकेही आहेत. पिंपरीची पवना नदीही अशाच दाट वस्तीतून वाहते. तिच्या गाळात काय साठते आहे ते नियमितपणे तपासायला लागणारी यंत्रे आणि माणसे भोसरीत आहेत. त्याच मातीतून उतारा शोधण्याचे काम पिंपरीत एकदा झालेले आहे. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचए कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची 87.70 एकर मोकळी जमीन विकायला मान्यता दिली. जमिनीचा भाव काढणाऱ्या त्या फाइलीत आणखी एक रकाना असायला हवा: या कुंपणात वेगळे केलेले जिवाणूंचे वाण आता कोण राखणार आणि कुठे.